‘15 मार्चपर्यंत’ म्हणजे टिल की बाय?

बाई, नमस्कार.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघते. मराठी माध्यमातून बी.कॉम. झाले. बिलं, पॅकिंग लिस्ट, ट्रान्सपोर्टवाल्यांशी हुज्जत, सगळं जमतं. परदेशी पार्टीला मेल लिहायची वेळ आली की मात्र घाम फुटतो. गेल्या महिन्यात मी लिहिलं, ‘वुई विल डिस्पॅच द गुड्स टिल 15 मार्च.’ म्हणायचं होतं, 15 मार्चपर्यंत माल निघेल. तिकडून उलट विचारणा आली, ‘15 मार्चनंतर तुम्ही माल पाठवणं बंद करणार आहात का?’ ऑफिसात नव्यानं लागलेल्या एका मुलानं तो मेल सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला आणि माझ्यावर हसला. त्या दिवशी मी डबासुद्धा उघडला नाही. मग एक गाईड आणलं, त्यातली 200 प्रीपोझिशनची यादी पाठ केली, आठ दिवसांत सगळी विसरले. प्रीपोझिशनचा एकच पक्का नियम असेल तर सांगा. वय 37 आहे, आता शिकून उपयोग आहे का, तेही सांगा. मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन, मला ‘तू’च म्हणा.

ता. क. माझी सातवीतली मुलगी विचारते, ‘गड्ड्याला जाऊ’ (म्हणजे संक्रांतीच्या जत्रेला) यातल्या ‘ला’ला इंग्रजीत काय म्हणायचं? मी म्हटलं, बाईंना विचारते.

– एक वाचक, अशोक चौक

*

‘तू’ म्हणायला सांगितलंस, बरं केलंस. 31 वर्षं फळ्यापुढं ‘अगं तू, अरे तू’ करण्यात गेली. आता ‘तुम्ही’ लिहायला घेतलं की माझंच वाक्य अडखळतं.

आधी तो मेल घेऊ. न उघडलेल्या डब्याचा राग मलाही आलाय. घोळ झाला तो आपल्या ‘पर्यंत’मुळं. हा एक शब्द दोन कामं करतो आणि आपल्याला ते जन्मभर जाणवत नाही. ‘पाचपर्यंत बस’ आणि ‘पाचपर्यंत ये’, ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून बघ. पहिल्यात बसणं पाच वाजेस्तोवर चालूच आहे. दुसऱ्यात येणं पाचाच्या आधी कधीतरी एकदाच होऊन जायचंय. आपण हा फरक ‘बस’ आणि ‘ये’वरून ओळखतो, ‘पर्यंत’ला त्याची काही पडलेली नसते. इंग्रजीनं ही दोन कामं दोघांना वाटून दिलीत. चालू राहायचं असेल तर ‘टिल’ किंवा ‘अंटिल’, होऊन जायचं असेल तर ‘बाय’. तू टिल लिहिलंस म्हणून समोरच्याला वाटलं, रोज माल निघतोय आणि 15 तारखेला थांबणार. त्यानं खवचटपणा केला नाही, त्याला खरंच तसं वाचता आलं.

ओळखायचं कसं? ‘पर्यंत’ काढून तिथं ‘च्या आत’ घालून बघ. ‘15 मार्चच्या आत माल निघेल’, बसतंय. म्हणजे बाय. ‘पाचाच्या आत बस’, नाही बसत, वेगळंच काहीतरी होतं. म्हणजे टिल. आता ‘15 मार्चपर्यंत माल निघणार नाही’ हे वाक्य घे. इथं न निघणंच 15 तारखेपर्यंत चालू आहे, म्हणून पुन्हा टिल. या नकाराच्या वाक्यात भल्याभल्यांची गाडी रुळावरून घसरते.

तारखेऐवजी दिवस मोजले की आणखी एक गंमत. ‘आठ दिवसांच्या आत’ म्हणजे ‘विदिन एट डेज’. ‘इन टेन डेज’ म्हणजे मात्र आपलं ‘दहा दिवसांनी’. आपण ‘दहा दिवसांत माल देतो’ म्हणतो तेव्हा मनात असतं की सहाव्या दिवशीही देऊ, चौथ्याही देऊ. तिकडचा माणूस ‘इन टेन डेज’ वाचून दहाव्या दिवसाच्या आसपास दाराकडं बघत बसतो. तुला आत म्हणायचं असेल तर विदिनच लिही. आणि करारात तारीख घालताना नुसत्या बायवरही भागवू नकोस. ‘ऑन ऑर बिफोर 15 मार्च’ लिहिलं की 15 तारीख धरायची की सोडायची, हा वाद उरत नाही.

आता तुझा मोठा प्रश्न. एकच पक्का नियम. तो असता तर मी पहिल्याच वर्षी फळ्यावर लिहून उरलेली तीस वर्षं शेंगा सोलत बसले असते. पण तुझी यादी का टिकली नाही ते सांगता येतं. यादीत ‘टू म्हणजे ला, ऑन म्हणजे वर, इन म्हणजे मध्ये’ अशा जोड्या लावलेल्या असतात. त्या जोड्याच खोट्या आहेत. मुलीनं ‘ला’चं विचारलंय ना, तोच घे. ‘सोलापूरला गेले’ यात टू. ‘सोलापूरला राहते’ यात इन. ‘12 तारखेला’ यात ऑन. ‘दिवाळीला सगळे जमतो’ यात ॲट. ‘हा टॉवेल 90 रुपयाला घेतला’ यात फॉर. आणि ‘आईला भेटले’ यात काहीच नाही, ‘आय मेट माय मदर’, मध्ये कुणी नको. एका ‘ला’ची सहा रूपं झाली, आणि अजून निघतील. ‘ई’ प्रत्ययही तसाच. ‘मी घरी आहे’ म्हणजे ‘ॲट होम’. ‘मी घरी गेले’ म्हणजे ‘आय वेंट होम’, तिथं ‘टू’ घातलास की चूक. मराठीत दोन्हीकडं तोच ‘घरी’. शाळेत ‘स, ला, ते’ घोकलं होतंस ना, त्यातल्या एकालाही इंग्रजीत कायमचा जोडीदार नाही.

म्हणून ‘वरला काय म्हणतात’ असं विचारायचंच नाही. ‘टेबलावरला काय म्हणतात’, ‘फोनवरला काय म्हणतात’, ‘माझ्यावर रागावलाला काय म्हणतात’ असं अख्खं विचारायचं. प्रीपोझिशन आपल्या शेजाऱ्यावरून ठरतं. कधी पुढच्या नामावरून, कधी मागच्या क्रियापदावरून.

आपल्याला हे जड जातं त्याचं एक कारण सोलापूरचंच आहे. तू अशोक चौकातली, म्हणजे घरात नाहीतर शेजारी तेलुगू असणारच, आणि बाजारात कन्नड. मराठीत ‘टेबलावर’, तेलुगूत ‘बल्ल मीद’, कन्नडात ‘टेबल मेले’. ‘घरात’ला तेलुगूत ‘इंट्लो’, कन्नडात ‘मनेयल्लि’. तीन भाषा, आणि तिन्हींत ते शेपूट नामाच्या मागून येतं. आपल्या गावातला माणूस एका वाक्यात तीन भाषा बदलतो, पण शेपटाची जागा बदलायची वेळ त्याच्यावर येत नाही. इंग्रजी ते उचलून नामाच्या पुढं नेऊन ठेवते. प्रीपोझिशन या नावातच लॅटिनमधला ‘आधी ठेवलेलं’ असा अर्थ आहे. बोलताना आपण नाम उच्चारून मोकळे होतो आणि मग प्रत्ययाचा विचार करतो. इंग्रजीत तोवर उशीर झालेला असतो, म्हणून तोंडाला येईल ते ‘टू’ आणि ‘ऑन’ फेकलं जातं. तसं पुढं लागणारं आपल्याकडंही थोडं आहे म्हणा. बिनपगारी, विनातिकीट, दरमहा. ‘बिनपगारी रजा’ म्हणजे ‘लीव्ह विदाउट पे’, बिनच्या जागी विदाउट, तेही पगाराच्या आधी. पण असे शब्द बोटावर मोजण्याइतके.

वेळ आणि जागा यांच्यापुरतं मात्र डोळ्यांपुढं चित्र आणता येतं. नकाशावर बोट टेकवलं की ॲट. पृष्ठभाग किंवा रेघ असेल तर ऑन. चारी बाजूंनी काही असेल तर इन. ‘मी स्टेशनवर आहे, एक नंबर प्लॅटफॉर्मवर, वेटिंग रूममध्ये’ हे वाक्य घे. स्टेशन हा बोट टेकवलेला ठिपका, म्हणून ॲट. प्लॅटफॉर्म हा पृष्ठभाग, म्हणून ऑन. खोलीला भिंती आहेत, म्हणून इन. मराठीत पहिल्या दोन्हींना ‘वर’ लागला म्हणून आपण ‘ऑन द स्टेशन’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला आपण स्टेशनच्या छपरावर बसलेले दिसतो. रेघेचं म्हणशील तर सोलापूर पुणे-हैदराबाद हायवेवर आहे, ‘ऑन द हायवे’. हायवे म्हणजे रेघच की.

वेळेचं चित्र मी वर्गात एका माणसाच्या आयुष्यावरून शिकवायची. भैया चौकातलं कोटणीस स्मारक बघितलंस ना? डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापुरात जन्मले, 10 ऑक्टोबर 1910 ला. 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथं जपानशी लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथंच वारले. आता हेच इंग्रजीत म्हण. ‘ही वॉज बॉर्न इन सोलापूर ऑन 10 ऑक्टोबर 1910. ही वेंट टू चायना इन 1938. ही डाइड इन चायना ऑन 9 डिसेंबर 1942, ॲट द एज ऑफ 32.’ गाव, देश, साल यांना इन. तारखेला ऑन. वयाच्या नेमक्या टप्प्याला ॲट. जायच्या दिशेला टू. नियमाची चार पानं एका बाजूला आणि या तीन ओळी एका बाजूला ठेवल्या तर मी या तीन ओळी पाठ करायला सांगेन. अडलीस की तिथं जाऊन बघायचं, 1938 ला काय लावलं होतं, 10 ऑक्टोबरला काय लावलं होतं.

एक कंगोरा राहिला. सकाळ म्हणजे ‘इन द मॉर्निंग’ हे सगळ्यांना येतं. पण सकाळीला एखादा दिवस चिकटला की ऑन होतं. आपल्या सोलापूरचे चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले तो दिवस 12 जानेवारी 1931. त्या दिवसाची सकाळ म्हणायची तर ‘ऑन द मॉर्निंग ऑफ 12 जानेवारी’. रविवारी सकाळी, ‘ऑन संडे मॉर्निंग’. रात्र मात्र हट्टी, ‘ॲट नाइट’. का, असं विचारू नकोस. आपणही ‘सकाळी’ म्हणतो आणि ‘पहाटी’ म्हणत नाही, ‘पहाटे’ म्हणतो. कुणी कारण विचारलं तर आपण काय सांगणार?

आणि एके ठिकाणी मराठीनं आपली लाज राखली आहे. ‘गाडी वेळेवर आली’ म्हणजे ‘ऑन टाइम’, ठरल्या ठोक्याला. ‘मी वेळेत पोचले म्हणून गाडी मिळाली’ म्हणजे ‘इन टाइम’, उशीर व्हायच्या आधी. वर म्हणजे ऑन, त म्हणजे इन, अगदी शब्दाला शब्द. इंग्रजी माध्यमातली मुलंसुद्धा यात चुकतात. तू चुकायचं कारण नाही.

आता तुझ्या कामाचं. तू इनव्हॉइसवर एफओबी लिहीत असशील. त्याचं लांब रूप फ्री ऑन बोर्ड. माल बंदरात जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी आपली, चढला की घेणाऱ्याची. ते ‘ऑन’ नीट बघ. जहाजाला डेक असतो, माणूस त्यावर उभा राहतो, चालतो, म्हणून ‘ऑन’. हीच खूण पुढं चालव. ज्यात उठून उभं राहता येतं, चार पावलं टाकता येतात, त्याला ऑन. ऑन द ट्रेन, ऑन द बस, ऑन द प्लेन. ज्यात अंग चोरून बसावं लागतं त्याला इन. इन अ कार, इन अ टॅक्सी, इन अ रिक्षा. मराठीत आपण बसमध्येही बसतो आणि रिक्षातही, म्हणून ‘इन द बस’ तोंडात येतं. त्यानं कुणाचं काही अडत नाही, पण ऑन जास्त सहज वाटतं. ज्यावर टांग टाकून बसतो त्याला तर ऑनच, ऑन अ बाइक, ऑन अ हॉर्स. कोणत्या साधनानं हे सांगायचं असेल तर बाय, पण मग ते नाम मोकळं ठेवायचं. ‘बाय कार’ बरोबर, ‘बाय माय कार’ चूक. ‘माझ्या’ आलं की ‘इन माय कार’. तुझा माल सोलापूरहून न्हावा शेवा बंदरात कसा जातो ते मनात आण. टॉवेल कार्टनमध्ये, इन. कार्टन कंटेनरमध्ये, इन. कंटेनर ट्रेलरवर, ऑन. ट्रेलर रस्त्यानं, बाय रोड. पुढं जहाजावर, ऑन. समुद्रमार्गे, बाय सी. रोज डोळ्यांनी बघतेस ते, तुला गाईड कशाला हवं?

आणि टॉवेल हातात घे. खरंच घे, टेबलावर सॅम्पल पडलेलं असेलच. ‘मेड’ हा एक शब्द आणि त्याच्या मागं किती वेगवेगळी प्रीपोझिशन लागतात बघ. टॉवेल सुताचा आहे, ‘मेड ऑफ कॉटन’. सोलापुरात झालाय, ‘मेड इन सोलापूर’. मागावर झालाय, ‘मेड ऑन अ लूम’. तुमच्या कारागिरांनी केलाय, ‘मेड बाय अवर वीव्हर्स’. हॉटेलांसाठी केलाय, ‘मेड फॉर होटेल्स’. आणि ‘मेड फ्रॉम’ केव्हा? मूळ वस्तू ओळखू येईनाशी झाली की. टॉवेलात सूत बोटाला लागतं, म्हणून ऑफ. कागदात बांबू दिसत नाही, म्हणून ‘मेड फ्रॉम बांबू’. शेंगाचटणीचं काय? माझं मत फ्रॉम, कुटून कुटून शेंगदाण्याची तेलकट चटणी झाल्यावर दाणा उरतो कुठं? पण माझी एक विद्यार्थिनी हट्टानं ऑफ म्हणायची. तिच्या घरची चटणी जाडसर असायची म्हणे. मी तिला मार्क दिले. ऑफ आणि फ्रॉममधली भिंत तशीही पातळच आहे.

आता ज्या चुका आपण घाऊक करतो त्यांच्याकडं ये. यात प्रीपोझिशन चुकीचं नसतं, ते फुकटचं घातलेलं असतं. ‘डिस्कस अबाउट’, ‘ऑर्डर फॉर’, ‘रिक्वेस्ट फॉर’, ‘रीच टू’, ‘एंटर इनटू द रूम’, ‘कॉन्टॅक्ट टू मी’, ‘आस्क्ड टू मी’. हे कुठून येतं? आपण ‘डिस्कस’ करत नाही, आपण ‘चर्चा करतो’. चर्चा हे नाम. नामाला ‘कशाबद्दल’ चिकटवावं लागतं, म्हणून डिस्कसच्या मागं अबाउट येऊन बसतो. इंग्रजीतही नाम असेल तर ते बरोबर आहे, ‘अ डिस्कशन अबाउट द प्राइस’. क्रियापद झालं की अबाउट गळून पडतो, ‘वुई डिस्कस्ड द प्राइस’. ऑर्डरचं तसंच. ‘ॲन ऑर्डर फॉर 200 कार्टन्स’ बरोबर, ‘दे ऑर्डर्ड 200 कार्टन्स’ बरोबर, ‘दे ऑर्डर्ड फॉर’ चूक. रिक्वेस्टचंही हेच, ‘अ रिक्वेस्ट फॉर सॅम्पल्स’, पण ‘दे रिक्वेस्टेड सॅम्पल्स’. एकदा ही नाम-क्रियापदाची खोड लक्षात आली की निम्म्या चुका आपोआप जातात, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

आणि तो मुलगा. तो तुझ्यावर हसला, ‘ही लाफ्ड ॲट मी’. तुझ्याबरोबर हसला असता तर विथ झालं असतं. तू त्याच्यावर चिडलीस, ‘आय वॉज अँग्री विथ हिम’, आणि त्या मेलवरून चिडलीस, ‘अबाउट द मेल’. मराठीत या सगळ्यावर ‘वर’च. पुढच्या मीटिंगमध्ये तो ‘लेट्स डिस्कस अबाउट इट’ म्हणतो का, ते जरा कान देऊन ऐक. मी पैज लावायला तयार आहे. ऐकून घे आणि काही बोलू नकोस, चहा पी.

हसणाऱ्यांचं मला चांगलं माहीत आहे. पहिल्या नोकरीनंतर मी एका नावाजलेल्या शाळेत अर्ज केला होता. त्यात लिहिलं होतं, ‘आय ॲम टीचिंग सिन्स थ्री इयर्स.’ अर्ज परत आला. सिन्सभोवती लाल गोल, बाजूला उद्गारचिन्ह, बाकी एक अक्षर नाही. काय चुकलं ते सांगायचे कष्टही घेतले नव्हते. आपण ‘तीन वर्षांपासून’ही म्हणतो आणि ‘2019 पासून’ही म्हणतो, एकच ‘पासून’. इंग्रजीत बोटांवर मोजता आलं तर फॉर, कॅलेंडरवर बोट ठेवता आलं तर सिन्स. ‘फॉर थ्री इयर्स’, ‘सिन्स 2019’. आणि दोन्ही वेळा क्रियापद ‘हॅव बीन टीचिंग’, ‘ॲम टीचिंग’ नव्हे. त्या लाल गोलाचा मला बरीच वर्षं राग होता. नंतर प्रत्येक वहीत सिन्सभोवती गोल करताना मी शेजारी फॉर लिहीत गेले, उद्गारचिन्ह कधी काढलं नाही.

तुझ्या गाईडात ‘वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन ठेवू नये’ असं छापलेलं असेल, तर तेवढ्या ओळीवर काट मार. जॉन ड्रायडन नावाच्या कवीनं 1672 साली दुसऱ्या एका नाटककाराच्या ओळीवर तसा आक्षेप घेतला आणि पुढं मास्तर लोकांनी त्याचा नियम करून टाकला. ‘हू शुड आय सेंड द बिल टू?’ हे रोजचं, चांगलं इंग्रजी आहे, तू बिनधास्त लिही. तसंच ‘दोघांत बिट्वीन, तिघांत अमंग’ हेही अर्धवट आहे. तीन पार्ट्यांमधला करार ‘बिट्वीन थ्री पार्टीज’च असतो, कारण प्रत्येकाचं प्रत्येकाशी देणंघेणं असतं. तुमचं गिऱ्हाईक अमेरिकेतलं असेल तर ‘मंडे थ्रू फ्रायडे’ असं येईल. त्याचा अर्थ शुक्रवार धरून. बाकी इंग्लंड-अमेरिकेच्या भांडणात तू पडू नकोस.

अभ्यास कसा करायचा ते सांगते. एक छोटी वही कर आणि तीत सुटं प्रीपोझिशन कधीही लिहू नकोस. तुम्हाला जे मेल येतात त्यांतले तुकडे उचल. गिऱ्हाईक इंग्लंड-अमेरिकेचं असेल तर त्याच्याइतका चांगला मास्तर तुला सोलापुरात मिळणार नाही, आणि तो फुकट आहे. ‘इन रिप्लाय टू युवर मेल’, ‘अ डिस्काउंट ऑफ 5 पर्सेंट ऑन धिस ऑर्डर’, ‘ॲन इन्क्रीज इन द प्राइस’, ‘पेमेंट इन ॲडव्हान्स’, ‘अटॅच्ड टू धिस मेल’. असा अख्खा तुकडा लिही आणि खाली तुमच्या मालाचं एक वाक्य स्वतः बनव. दिवसाला दोन पुरे. पाठ करू नकोस, तोच तुकडा त्या आठवड्यातल्या एखाद्या मेलमध्ये खरोखर वापर. वापरलेला तुकडा जात नाही. मेल पाठवायच्या आधी एकदा फक्त प्रीपोझिशनवरून नजर फिरव आणि प्रत्येकाला विचार, तुझा शेजारी कोण? शेजारी सापडला नाही तर ते बहुतेक फुकटचं आहे, काढून टाक. मोबाइलवर तपासणी करणारी ॲपं आहेत, ती ‘डिस्कस अबाउट’ पकडतात. पण तुझं ‘टिल 15 मार्च’ त्यांच्या हातून निसटू शकतं, कारण व्याकरणानं ते वाक्य चुकलेलं नव्हतंच. अर्थ तेवढा दुसरा होता.

37 वर्षांचं काय विचारतेस? सातवीतल्या मुलीला ‘एफओबी’ सांगून काही कळणार नाही, तुला कळलं. तुझ्याजवळ अडकवायला खुंट्या जास्त आहेत, एवढाच वयाचा फरक. तो मेल आज असा लिही : ‘वुई विल डिस्पॅच द गुड्स बाय 15 मार्च. द शिपमेंट विल लीव्ह सोलापूर बाय रोड अँड विल बी लोडेड ऑन बोर्ड ॲट न्हावा शेवा.’ सोलापूर सोडतो त्याला ‘फ्रॉम’ लागत नाही, लीव्हच्या पोटातच ते आहे. बंदराला ॲट लावला, कारण जहाजाच्या वाटेवरचा तो एक ठिपका.

आता मुलीचा गड्डा. तिला सांग, ‘ला’ कुठं चाललाय ते आधी बघायचं. गड्ड्याला जाऊ, ‘लेट्स गो टू द गड्डा’, कारण पावलं तिकडं निघालीत. मैत्रीण गड्ड्यात भेटली, ‘आय मेट हर ॲट द गड्डा’, भेटीचा ठिपका. संक्रांतीला गेलो, ‘ऑन संक्रांत’, कारण तो दिवस. गर्दीत चप्पल हरवली, ‘इन द क्राउड’, चारी बाजूंनी माणसं. आता एक प्रश्न माझ्याकडून तिला. होम मैदानावरच्या त्या उंच पाळण्यात ती बसली, तर ‘इन द जायंट व्हील’ की ‘ऑन द जायंट व्हील’? मराठीत पाळण्यात म्हणून ती ‘इन’ म्हणेल. मग तिला विचार, टॉवेलाच्या बिलावर आई ‘फ्री इन बोर्ड’ लिहिते का?